खिडकीतला हात

खिडकीतून हात आत आला तेव्हा गुलाबला वाटलं, नोट असेल. होतीही. दोन बोटांत मुडपलेली नोट, मनगटाला काळा दोरा, नखांत वंगण की काजळी असं काहीतरी. रविवारचा दुपारचा खेळ होता. टॉकीजच्या पायऱ्यांपासून आग्रा रोडपर्यंत रांग उन्हात भाजत होती, आणि गुलाबनं सवयीनं, मान वरही न करता, सुट्टे द्या म्हटलं. एवढंच म्हटलं. त्या हातानं नोट खाली टाकली, गुलाबची कॉलर धरली आणि त्याला पुढे ओढलं. कपाळ जाळीवर आपटलं. हातानं त्याला थोडं मागे जाऊ दिलं आणि पुन्हा ओढलं. दुसऱ्यांदा जाळी मोठ्यानं वाजली. बाहेर रांगेत कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. कॉलर सुटली. हात तिथेच भोकात, तळवा वर करून वाट बघत राहिला. आणि गुलाब म्हणाला, "बाल्कनी की स्टॉल?"

हातानं दोन बोटं दाखवली आणि ती वरच्या बाजूला नाचवली. गुलाबनं बाल्कनीची दोन तिकिटं फाडली, उरलेले पैसे तळव्यावर ठेवले. घाईत एखादं नाणं कमीजास्त झालं असतं तरी पुढे त्याला बरं वाटलं असतं, पण हिशोब चोख होता. हात गेला. त्याच्या मागून दुसरा आला, हिरव्या बांगड्यांचा, मग एक पोरगेला, घामेजलेला. तोंड कुणाचंच दिसत नव्हतं. ब्लॅकवाल्यांनी आत डोकावू नये म्हणून मालकानं जाळीला बाहेरून पुठ्ठा ठोकून घेतला होता. खाली तेवढं अर्धगोल भोक, त्यातून माणूस एरवी मनगटापर्यंत आत यायचा आणि उरलेला बाहेर शिव्या देत उभा राहायचा. गुलाब उठून बाहेर जाऊ शकला असता. पाठीमागे दार होतं, दाराशी डोअरकीपरची काठी होती. हे सगळं त्याला सुचलं, पण खिडकी बंद झाल्यावर, जेव्हा पडद्यावर मारामारी सुरू झाली आणि आतून शिट्ट्या आल्या तेव्हा. त्यातली एक शिट्टी त्या दोन बोटांची असणार. त्या माणसाला बसायला चांगली, पंख्याखालची जागा आपणच दिली, आणि तो आता वर बसून दुसऱ्याला मार खाताना मजेत बघतोय. गुलाबनं कपाळाला हात लावला. टेंगूळ आलं होतं, ते गरम होतं आणि त्यात बारीक ठोके पडत होते.

टॉकीजमधले सगळे म्हणायचे, माणसाला एक छंद पाहिजे. मॅनेजरसाहेब तर हे वाक्य दर पगाराला ऐकवत. ते स्वतः घरी गेल्यावर पेटी वाजवायचे, सूर चुकला तरी चेहरा ताटातल्या श्रीखंडासारखा गोड. मशीन चालवणारा चिंधा दोन खेळांच्या मधे पांझरेवर जाऊन गळ टाकून बसे. मासा लागला नाही तरी त्याला चालायचं, लागला तर तो पुन्हा पाण्यात सोडायचा. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि संध्याकाळी त्या कुठेतरी ओतून यायचं, मग माणूस मोकळा होतो, असं मॅनेजरसाहेबांचं शास्त्र होतं. गुलाबकडे एडका होता, टकरीचा मेंढा. त्याचं नाव फौजदार. देवपुरात घरामागच्या पत्र्याच्या आडोशाला तो बांधलेला असायचा, काळा, छातीनं रुंद, शिंगं कानाला वळसा घालून पुढे आलेली. गुलाब त्याला भिजवलेला हरभरा घालायचा, दूध पाजायचा, शिंगांना तेल चोळायचा आणि सकाळी नदीच्या रेतीत पळवायचा. एडक्यांच्या टकरींचा नाद म्हणजे रिकामटेकड्यांचा नाद, असं गल्लीतले शिकलेले लोक म्हणत. म्हणू देत. फौजदाराच्या मानेच्या दाट लोकरीत हात खुपसला की गुलाबच्या अंगातून दिवसाचे तिन्ही खेळ निघून जायचे. या धुळ्यात एवढी एकच जागा होती जिथे तो कोणीतरी होता. फौजदाराचा मालक चाललाय, असं म्हणून लोक त्याला वाट द्यायचे.

त्या रात्री घरी सुनंदानं टेंगूळ बघितलं आणि काय झालं म्हणून विचारलं. गुलाब म्हणाला, फौजदारानं मारलं. ती हसली. त्याच्या हातचं असेल तर प्रसाद आहे, म्हणाली, आणि हळद गरम करायला गेली. खोटं इतकं सहज निघालं की गुलाबला स्वतःचंच नवल वाटलं. पण खोट्याला पाय फुटतात. सुनंदानं ते शेजारच्या पार्वताबाईला सांगितलं आणि पार्वताबाईकडून ते तोतारामआबांच्या कानावर गेलं. आबा ठेलारी, जन्म मेंढरांमागे गेलेला. फौजदार त्यांच्याच मेंढवाड्यातला, गुलाबनं कोकरू असताना घेतलेला. दुसऱ्या सकाळी आबा दारात हजर. त्यांनी चहा नको म्हटलं. सरळ मागे गेले, एडक्यासमोर उकिडवे बसले आणि कितीतरी वेळ त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. "मारस का हाऊ माणूसले?" त्यांनी मागे न बघता विचारलं. गुलाबनं मारत नाही म्हणावं तर टेंगूळ कुठून आलं ते सांगावं लागणार होतं. आबा उठले, धोतर झटकलं. "एडकाना कपायले हात लावना नही, गुलाब. त्याले माणूसनी गोडी लागी गई का मंग तो एडकाकडे दखत नही. इकी टाक."

हा नियम पोरासोरांनाही माहीत होता. कोकराचं कपाळ लाडानं ढकलायचं नाही. तळव्याशी टक्कर खेळायची नाही. एडका माणसाच्या हातावर तयार झाला की तो टकरीतून बाद. मैदानात तो समोरच्याला सोडून बघणाऱ्यांत घुसतो. गुलाबनं तो नियम कोकरू घरात आल्यापासून पाळला होता. सुनंदाला, पाहुण्यांना, सगळ्यांना बजावलं होतं, लोकर कुरवाळा, पाठ थोपटा, कपाळाकडे हात नाही. आणि आता, विकून टाक म्हणून आबा गेल्यावर, तो एडक्यासमोर उभा होता आणि त्या रुंद, काळ्या, हाडाच्या कपाळाकडे बघत होता. या कपाळावर आजवर कितीतरी शिंगं आदळली. त्यानं कधी कुणाला विचारलं नाही, बाल्कनी की स्टॉल.

गुलाबचा बाप कापसाच्या जिनिंगमधे चौकीदार होता. मशीनचा तुटलेला चामडी पट्टा त्यानं घरी आणून खुंटीला लावला होता, आणि वरच्यांनी दिवसभरात जे काही दिलं असेल ते तो संध्याकाळी त्या पट्ट्यानं गुलाबच्या पाठीवर उतरवायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार; रडलं की पट्टा वाढायचा. मार खाताना गुलाबनं बापाचं तोंड कधी बघितलं नाही. तो हात बघायचा. हात कुठून येतोय ते कळलं की तेवढं अंग चोरता यायचं. त्यामुळे आज बाप आठवायचा म्हटलं तरी मनगटावरच्या शिरा आठवतात, अंगठ्याचं तुटकं नख आठवतं, आणि वरती, जिथे तोंड असायला पाहिजे तिथे, काहीच नसतं. तोच बाप एकदा त्याला खांद्यावर बसवून एकवीरेच्या यात्रेत घेऊन गेला होता. नदीच्या कोरड्या पात्रात माणसांचं रिंगण होतं आणि मधे दोन एडके. ते मागे मागे सरले, थांबले आणि मग आले. कवट्या भिडल्याचा आवाज झाला. तो कानात नाही, दातांत ऐकू आला. खांद्याखालचं बापाचं अंग एकदम सैल पडलं. बाप हसत होता, मोठ्यानं, पोरासारखा, आणि त्याच्या त्याच हातानं गुलाबची पोटरी हळूच दाबून धरली होती. त्या संध्याकाळी पट्टा खुंटीवरच राहिला. पुढे गुलाबनं एडका पाळला तेव्हा सुनंदा म्हणाली होती, हे कुठलं खूळ डोक्यात घेतलं तुम्ही. तिला काय सांगणार? माझ्या घरात एक दिवस शांत गेला होता, तो त्या आवाजामुळे?

खिडकीवर आता गुलाब हात बघायला लागला. आधीही हातच दिसायचे, पण आता तो प्रत्येकाचं मनगट तपासायचा, नखं तपासायचा, आणि भोकात हात शिरला की त्याची खुर्ची आपोआप मागे सरकायची. काळे दोरे अर्ध्या धुळ्याच्या मनगटाला होते. रस्त्यात पानाच्या ठेल्यावर, सायकलच्या हँडलवर, दवाखान्यात, सगळीकडे त्याला हात दिसायचे आणि कुणाचंच तोंड लक्षात राहायचं नाही. मनातल्या मनात तो त्या हाताची बोटं एकेक करून दाराच्या फटीत घालायचा आणि दार लावायचा. लावतच राहायचा. मग पुढच्या हातानं नोट सरकवली की आवाज मऊ करून विचारायचा, कितीची देऊ. राग येत होता आणि जायला वाट नव्हती. चिंधानं त्याला गळ टाकायला बोलावलं. तो गेला, पाण्याकडे बघत बसला आणि चिंधानं सोडून दिलेला मासा बघून त्याला वाटलं, दगड घालावा त्याच्या डोक्यात. माशाच्या की चिंधाच्या, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

यात्रा जवळ आली होती. फौजदाराची टक्कर रावेरच्या नवलच्या सुलतानाशी ठरली होती. नवलच्या केळीच्या गाड्या चालायच्या. त्याचा एडका केळी खाऊन वाढलेला, तेल लावल्यासारखा. एका सकाळी गुलाबनं फौजदाराला नेहमीसारखं रेतीत पळवलं, दम खाऊ दिला आणि घाटाच्या मोडक्या दगडापाशी थांबवलं. आसपास कोणी नव्हतं. लांब दोन बाया गोधड्या धूत होत्या. गुलाबनं एडक्याची दोन्ही शिंगं धरली आणि त्याचं कपाळ दगडावर आपटलं. थोडं मागे येऊ दिलं आणि पुन्हा आपटलं. अगदी तसंच, तेवढंच. एडक्याच्या नाकातून रक्ताची बारीक रेघ आली. शिंगं सोडून गुलाब मागे सरला आणि त्यानं तळवा पुढे केला, बोटं पसरून, वाट बघत. फौजदार उभा होता. त्याच्या पिवळ्या डोळ्यांत काही समजत नसल्यासारखं काहीतरी होतं, ज्या हातानं दूध पाजलं तो हात हाच का, असं. गुलाबला रडू फुटेल असं वाटलं. बोल, तो म्हणाला, बोल ना, बाल्कनी की स्टॉल. फौजदार चार पावलं मागे सरला, मान खाली घातली आणि आला.

हात मनगटापासून खांद्यापर्यंत पेटला. गुलाब रेतीत आडवा पडला होता आणि त्याला हसू येत होतं. तेच, बापाचं हसू. याला येतं, त्याला वाटलं. याला मार खाऊन उलटा मार देता येतो, आणि हा माझा आहे. अंगातली कितीतरी दिवसांची गाठ सुटली. मॅनेजरसाहेब म्हणतात तसा तो मोकळा झाला. त्या दिवशी त्यानं खिडकीवर डाव्या हातानं तिकिटं दिली आणि एकदाही खुर्ची मागे सरकली नाही. दुसऱ्या दिवशी तो तळव्याला पोत्याचा तुकडा गुंडाळून गेला. तिसऱ्या दिवशी आणखी जाड. आधी शिंगं धरून दगडावर दोनदा, मग पसरलेला तळवा. पुढे पुढे दगडाची गरज उरली नाही. हात नुसता वर झाला की फौजदाराचे कान मागे जायचे आणि तो रेती उकरायला लागायचा. आबांचा नियम गुलाबला आठवत होता, पण तो म्हणायचा, आपण त्याला टकरीसाठी पेटवतोय. हे खोटं आहे हेही त्याला कळत होतं. घरी आता फौजदार त्याच्या हातचा हरभरा खाईना. सुनंदानं पाटी ठेवली तरच खायचा. तिनं त्याच्या नाकावरची खपली बघितली, मग गुलाबच्या सुजलेल्या मनगटाकडे बघितलं. तिला बरंच काही समजलं असावं. ती एवढंच म्हणाली, "अहो, वड्याचं तेल वांग्यावर काढू नका. तो मुका आहे." गुलाबही मुकाच होता की, जाळीच्या आत. त्याची दया कुणाला आली होती?

यात्रेच्या दिवशी त्यानं खिडकीवर बदली माणूस बसवला. पात्रात उन्हानं रेती पांढरी झाली होती. रसवंत्यांचे घुंगरू, पाळण्यांचा करकराट, मधे माणसांचं रिंगण. नवल ट्रकमधून सुलतानाला घेऊन आला होता, खाली केळीची पानं अंथरून, गळ्यात कवड्यांची माळ. फौजदाराच्या गळ्यात सुनंदानं शिवलेला लाल पट्टा होता. रिंगणात सगळे गुलाबला ओळखत होते, फौजदाराचा मालक म्हणून, आणि या माणसांत तो काळा दोरा कुठेतरी असणारच असं त्याला वाटत होतं. असू दे. बघू दे त्याला. फौजदारानं तोंड फिरवलं नाही की झालं. टकरीत हरणं म्हणजे मरणं नव्हे, पडणंही नव्हे. जो एडका तोंड फिरवतो तो हरतो. एकदा फिरवलं की त्याला पुन्हा मैदान नाही, आणि अशा एडक्याला कोणी दारात ठेवत नाही, खाटकाला देतात. गुलाबनं मनाशी पक्कं धरलं होतं, हा आज तोंड फिरवणार नाही, आणि मग मीही त्या दिवशी फिरवलं नव्हतं असं होईल. कसं होईल ते त्याला सांगता आलं नसतं, पण त्याचा त्यावर विश्वास होता, नवसावर असतो तसा. तोतारामआबा रिंगणाच्या कडेला काठीवर हनुवटी टेकून उभे होते. त्यांनी गुलाबच्या मनगटावरची पट्टी बघितली आणि डोळे बारीक केले.

दोर सुटले. पहिली टक्कर बसली आणि तो आवाज झाला, दातांत ऐकू येणारा. माणसं ओरडली. एडके आपोआप मागे सरले, मान खाली, आणि पुन्हा आले. सुलतानाच्या शिंगाचं साल निघून उडालं. तिसऱ्या टकरीला सुलतान गुडघ्यावर आला, त्याच्या नाकातोंडातून लाल फेस रेतीवर पडला, आणि नवलचा चेहरा उतरला. आता एकच. आणखी एक, आणि तो कोसळणार. मार, गुलाब ओरडला, मार त्याला, आणि ओरडताना त्याचा उजवा हात वर गेला, बोटं पसरून, तळवा पुढे.

फौजदार मागे सरता सरता थांबला. त्याचे कान मागे गेले. समोर सुलतान उठून उभा राहत होता, त्याच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्यानं मान वळवली, मग सगळं अंग वळवलं, आणि रिंगणातल्या त्या शेकडो माणसांतून त्याला एक हात सापडला. तोंड फिरवलं रे, कोणीतरी ओरडलं. लोक हसले. त्याच वेळी सुलतान आला आणि त्याच्या उघड्या बरगडीवर आदळला. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला, कवटीच्या आवाजाहून ओला. फौजदार आडवा झाला, पाय झाडत उठला, त्याचं एक अंग पोत्यासारखं लोंबत होतं, आणि तरी तो सुलतानाकडे वळला नाही. तो गुलाबकडे बघत चार पावलं मागे सरला. माणसं बाजूला पळाली. गुलाबसमोर रेतीचा मोकळा पट्टा झाला. आबांचा आवाज आला, मोठा नाही, मेंढरांशी बोलतात तसा, खालच्या पट्टीतला.

"गुलाब, हात खाले कर."

हात खाली केला असता तर कदाचित तो थांबला असता. गुलाबला ते कळलं. त्याला बाजूला होता आलं असतं, लोक झाले तसं. हसण्यात सामील होता आलं असतं. उद्या खिडकीवर बसता आलं असतं. एडक्यानं मान खाली घातली. त्या खाली गेलेल्या डोळ्यांना आता काय दिसतंय ते गुलाबला एकदम दिसलं. एक हात. कॉलर धरणारा, दोनदा आपटणारा, वाट बघणारा. वरती, जिथे माणूस असायला पाहिजे तिथे, काहीच नाही. बापाचा होता तसा, रविवारचा होता तसा. गुलाबनं हात खाली केला नाही. तो गुडघ्यांवर रेतीत बसला आणि वाकला, वाकत राहिला, आपलं तोंड त्या हाताच्या समोर येईपर्यंत. बघ, तो म्हणाला, मी आहे. मला माणूस दिसला नव्हता, तुला दिसू दे. फौजदार येत होता, मोडक्या बरगडीनं वाकडा धावत, गळ्यातला लाल पट्टा एका बाजूला लोंबकळत, आणि त्याच्या डोळ्यांत तो चेहरा शिरला की नाही हे समजायला फार थोडा वेळ उरला होता. तेवढ्यात गुलाबच्या मनात आलं की कपाळाचं काय झालं म्हणून सुनंदानं विचारलं, तर या वेळी खोटं सांगावं लागणार नाही.